मळीपासून मळ्यापर्यंत : साखर कारखान्यातील प्रेसमडचे कंपोस्ट आणि आपला भाजीपाला

स्मरणिकेच्या पानांवर संस्थेची वाटचाल, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी आणि धम्मविषयक चिंतन असते, आणि ते असायलाच हवे. आम्ही मात्र या पानांवर खताविषयी लिहिणार आहोत. इतिहास शिकविणाऱ्याने खताविषयी का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याची कारणे दोन आहेत. आपल्या वसतिगृहात राहणाऱ्या बहुसंख्य मुलामुलींची घरे थोड्याशा शेतीवर किंवा शेतमजुरीवर चालतात. ज्यांच्याकडे अर्धा-एक एकर आहे त्यांना भाजीपाल्याशिवाय दुसरे नगदी पीक परवडत नाही आणि भाजीपाल्याचा सर्वांत मोठा खर्च बियाणे, औषधे व खते यांवर होतो. दुसरे कारण असे की, 'टाकाऊ' म्हणून जे बाजूला फेकले जाते त्याचा इतिहास हा आपल्या समाजाचाही इतिहास आहे. त्याकडे लेखाच्या अखेरीस वळू.

वढू बुद्रुक हे भीमाकाठचे गाव छत्रपती संभाजी महाराजांच्या आणि गोविंद गोपाळ गायकवाड यांच्या समाधींमुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु गावाचे रोजचे जीवन ऊस, कांदा आणि भाजीपाला यांवर चालते. शिरूर तालुक्याला चासकमान प्रकल्पाचे, तर दौंडला मुठा कालव्याचे पाणी मिळाले आणि या दोन्ही तालुक्यांत ऊस वाढला. न्हावरे येथील घोडगंगा, जातेगाव बुद्रुक येथील व्यंकटेशकृपा, पाटस येथील भीमा असे साखर कारखाने उभे राहिले. दौंडच्या केडगाव परिसरात गुऱ्हाळेही पुष्कळ आहेत. याच पट्ट्यातून पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात रोज भाजी जाते. म्हणजे एकाच परिसरात एकीकडे सेंद्रिय पदार्थांचे डोंगर साचतात आणि दुसरीकडे सेंद्रिय कर्ब हरवलेल्या जमिनी खतासाठी आसुसलेल्या असतात. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे कंपोस्ट.

मळी म्हणजे नेमके काय?

'मळी' हा शब्द आपल्याकडे तीन अर्थांनी वापरला जातो आणि त्यातून व्यवहारात घोटाळा होतो. गुऱ्हाळावर काहिलीतील रस उकळू लागला, त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातला की वर जो फेसाळ मळ येतो त्याला गुळवे मळी म्हणतात. कारखान्यात साखरेचे दाणे वेगळे केल्यावर उरणाऱ्या घट्ट, काळ्या पाकालाही मळी म्हणतात. तिच्यापासून मद्यार्क तयार होतो. आणि रस स्वच्छ करताना तळाशी बसणारा गाळ हीदेखील शेतकऱ्यांच्या बोलण्यात मळीच असते. या तिसऱ्या पदार्थाला कारखान्यात 'प्रेसमड' म्हणतात. या लेखाचा विषय तोच आहे.

आपल्याकडील बहुतेक कारखान्यांत उसाच्या रसाला चुन्याची निवळी आणि गंधकाचा धूर देऊन तो तापवितात. रसातील माती, मेण, प्रथिने, बारीक तंतू आणि फॉस्फेट चुन्याशी मिळून खाली बसतात. हा गाळ गाळणीवरून काढला की तपकिरी-काळसर, भुसभुशीत प्रेसमड मिळतो. १०० टन ऊस गाळला तर साधारण २८ ते ३० टन बगॅस, सुमारे ४ टन पाकाची मळी आणि ३ ते ४ टन प्रेसमड निघतो. दिवसाला ५ हजार टन गाळप करणाऱ्या कारखान्यात रोज दीडशे ते दोनशे टन, आणि चार महिन्यांच्या हंगामात २० हजार टनांच्या आसपास प्रेसमड साठतो. बगॅस बॉयलरमध्ये जळतो, पाकाची मळी डिस्टिलरीत जाते. प्रेसमडची वाट मात्र बहुतांशी शेताकडेच जाते.

त्यात पिकाच्या उपयोगाचे काय असते? कोरड्या वजनावर मोजल्यास साधारण १ ते दीड टक्का नत्र, २ टक्क्यांच्या आसपास स्फुरद, त्याहून कमी पालाश, भरपूर चुना आणि थोडे गंधक. कांदा, लसूण, कोबी, फ्लॉवर या पिकांना गंधकाची विशेष गरज असते, हे येथे ध्यानात ठेवावे. मात्र या अन्नद्रव्यांहून मोलाचा असतो तो सेंद्रिय कर्ब. हलक्या जमिनीत तो पाणी धरून ठेवतो, तर काळ्या चिकण जमिनीत हवा खेळती ठेवतो.

कच्चा प्रेसमड शेतात का टाकू नये?

हंगामात ट्रॉली भरून प्रेसमड आणायचा आणि थेट रानात पसरायचा, ही पद्धत सर्रास दिसते. उसासारख्या दीर्घ मुदतीच्या पिकात तिचे दुष्परिणाम काही अंशी झाकले जातात. तीन-चार महिन्यांच्या भाजीपाल्यात ते झाकले जात नाहीत.

पहिली अडचण उष्णतेची. त्यात साखरेचा अंश शिल्लक असतो, त्यावर जिवाणू तुटून पडतात आणि ढीग तापतो. कोवळ्या रोपाची मुळे त्याने भाजतात. दुसरी अडचण नत्राची. कुजण्याचे काम करणाऱ्या जिवाणूंना स्वतःच्या शरीरासाठी नत्र लागते. शेतात कुजणे चालू राहिले तर ते जमिनीतील नत्र उचलतात आणि पीक पिवळे पडते. खत घालूनही पीक उपाशी का राहिले, या कोड्याचे उत्तर बहुधा येथे असते. तिसरी अडचण मेणाची. उसाच्या कांडीवरचे मेण प्रेसमडमध्ये उतरते. ते कुजले नाही तर मातीच्या कणांवर बसून पाणी मुरण्यास अडथळा करते. चौथी अडचण हुमणीची. अर्धवट कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांत हुमणीच्या अळ्या वाढतात आणि खताबरोबर आपल्या रानात येतात. या चारही अडचणींवर उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे शेताबाहेर पूर्ण कुजविणे.

इंदूर आणि पुसद

कुजविण्याचे शास्त्र आपल्या जवळच घडले, हे मुलांना आवर्जून सांगावे. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत काम करीत होते. काडीकचरा, शेण, मूत्रमिश्रित माती आणि राख यांचे थर लावून, ठरावीक अंतराने ढीग पलटून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची 'इंदूर पद्धत' त्यांनी बसविली. १९३१ साली त्यांनी त्यावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याचे सहलेखक यशवंत वाड होते. जगभर हॉवर्ड यांचे नाव झाले. वाड यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. इतिहासात श्रेय कोणाच्या पदरी पडते, याचे हे एक लहानसे उदाहरण आहे.

पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवतराव पांढरीपांडे यांनी कमी शेणात जास्त खत देणारी विटांच्या जाळीदार हौदाची पद्धत तयार केली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'नाडेप' म्हणून ओळखली जाते. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच अशा हौदात तीन-चार महिन्यांत खत होते. ज्यांच्याकडे गुरे कमी आहेत अशांसाठी ती आजही उपयुक्त आहे. उसाच्या क्षेत्रात मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि १९३२ पासून कार्यरत असलेले पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र यांनी पाचट व प्रेसमड कुजविण्याविषयी शेतकऱ्यांना मार्गदर्शन केले आहे.

ढीग कसा लावावा?

प्रेसमड एकटा कुजविण्यापेक्षा त्यात इतर पदार्थ मिसळणे चांगले. तो ओला आणि घट्ट बसणारा असतो. त्यात हवा खेळण्यासाठी पाचट, सोयाबीन किंवा तुरीचे काड, भाजीपाल्याचे वाळलेले अवशेष घालावे लागतात. येथे एक साधे गणित आहे. कुजण्याच्या आरंभी मिश्रणात नत्राच्या एका भागाला कर्बाचे २५ ते ३० भाग असावेत. वाळलेल्या पाचटात कर्ब फार जास्त, म्हणून ते एकटे महिनोन्‌महिने तसेच पडून राहते. शेण, कोंबडखत यांत नत्र जास्त असते. दोहोंचा मेळ घातला की ढीग 'चालू' होतो. निव्वळ पाचट कुजवायचे असल्यास प्रति टन ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजविणारे जिवाणू संवर्धक वापरण्याची शिफारस आहे. त्यात शेण, कोंबडखत आणि प्रेसमड पुरेसा असेल तर युरियाची गरज कमी होते.

जागा उंचवट्याची, विहिरीपासून व ओढ्यापासून दूर आणि शक्य तर झाडाच्या सावलीची असावी. तळाशी जाड काड्यांचा थर द्यावा. त्यावर सुमारे वीतभर प्रेसमड, त्यावर पाचटाचा किंवा काडाचा थर, त्यावर शेणकाला व जिवाणू संवर्धक, अशा क्रमाने ढीग छातीएवढ्या उंचीपर्यंत न्यावा. रुंदी ५ ते ६ फुटांपेक्षा जास्त ठेवू नये, नाहीतर मध्यभागी हवा पोहोचत नाही. लांबी जागेप्रमाणे ठेवावी.

ओलावा मुठीने तपासावा. मूठ घट्ट दाबली असता बोटांच्या फटीत पाणी दिसावे, पण टपटप गळू नये. उष्णता लोखंडी गजाने तपासावी. ढिगात खुपसून ठेवलेला गज दहा मिनिटांनी बाहेर काढला असता हाताला चटका बसला म्हणजे काम ठीक चालले आहे. ५५ ते ६५ अंश सेल्सिअस तापमान काही दिवस टिकले तर तणांचे बहुतेक बी आणि बहुतेक रोगजंतू मरतात. ढिगाची बाहेरची बाजू मात्र थंड राहते. म्हणून ढीग पलटताना बाहेरचे आत आणि आतले बाहेर करणे आवश्यक असते. पहिल्या महिन्यात दर आठ-दहा दिवसांनी आणि पुढे दर पंधरा दिवसांनी तो पलटावा. अडीच ते तीन महिन्यांत मूळ वजनाच्या साधारण निम्मे खत हाती येते. फाल्गुनात लावलेला ढीग मृगाच्या आधी तयार होतो, म्हणजे खरिपाच्या भाजीपाल्याला वेळेवर मिळतो.

खत तयार झाले हे कसे ओळखावे?

काळसर रंग आणि मातीचा वास ही नेहमीची खूण आहे. पण डोळा आणि नाक यांवर पूर्ण विसंबू नये. ढीग पलटूनही पुन्हा तापत नसेल, तर कुजणे संपत आले असे समजावे. त्याहून खात्रीची परीक्षा हळिवाची. ज्याचे लाडू बाळंतिणीला देतात तेच हे हळीव. खताची पक्वता तपासण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा याच बियांचा वापर करतात. एक भाग खत दहा भाग पाण्यात ढवळून, तासाभराने ते पाणी गाळून घ्यावे. दोन बशांत कागद किंवा कापड ठेवून एकीत साधे पाणी व दुसरीत खताचे पाणी शिंपडावे आणि प्रत्येकीत मोजून पन्नास बिया टाकाव्यात. दोन-तीन दिवसांनी किती उगवल्या आणि त्यांची मुळे किती लांब झाली, हे पाहावे. दोन्ही बशांत फारसा फरक नसेल तर खत पक्व आहे. खताच्या बशीतील मुळे आखूड आणि तपकिरी दिसली तर आणखी महिनाभर थांबावे. सातवीच्या मुलीलाही करता येईल असा हा प्रयोग आहे. आणि आई-वडिलांनी विकत घेतलेले खत तिने तपासून द्यावे, यापरते विज्ञान शिक्षणाचे सार्थक कोणते?

विकत घेताना पिशवीवरचा मजकूर वाचावा. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार कंपोस्टमध्ये सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के असावा, कर्ब-नत्र गुणोत्तर २० पेक्षा जास्त नसावे आणि क्षारतेचे मोजमाप ४ च्या वर जाऊ नये, अशा मर्यादा घातलेल्या आहेत.

भाजीपाल्याला किती द्यावे?

कांद्याचे उदाहरण घेऊ. कांद्याला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश अशी शिफारस आहे. म्हणजे एकरी ४०, २० आणि २०. आता एकरी ४ टन (कोरड्या वजनाचे) प्रेसमड कंपोस्ट दिले आणि त्यात दीड टक्का नत्र धरले, तर एकूण नत्र ६० किलो होते. पण सेंद्रिय खतातील नत्र एकाच हंगामात सगळे मिळत नाही. पहिल्या पिकाला चौथा हिस्सा मिळाला असे धरले तर हाती १५ किलो येते. उरलेले २५ किलो अन्य खतांतून द्यावे लागते. स्फुरदाचे चित्र उलटे आहे. २ टक्के धरले तरी ८० किलो स्फुरद जमिनीत जाते, ते गरजेच्या चौपट आहे. ते सगळे लगेच उपलब्ध होत नाही. तरीही दरवर्षी असे खत देणाऱ्याने स्फुरदयुक्त खतांवरील खर्च पुष्कळ कमी करावा. माती परीक्षण केले म्हणजे नेमका किती, ते कळते.

या गणितातून दोन गोष्टी सिद्ध होतात. कंपोस्ट घातले की रासायनिक खत एका हंगामात पूर्ण बंद करता येते, हे खरे नाही. आणि कंपोस्ट घालूनही पूर्वीइतकेच रासायनिक खत टाकत राहणे म्हणजे पैसा मातीत पुरणे होय.

खत लागवडीपूर्वी पंधरा दिवस आधी शेवटच्या वखरणीबरोबर मिसळावे, किंवा थोडे असेल तर टोमॅटो, वांगी, मिरची यांच्या सरीत द्यावे. मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर या मातीलगतच्या आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना फक्त पूर्ण पक्व खतच द्यावे.

कोणते टाळावे?

डिस्टिलरीतून निघणारे मळीमिश्रित पाणी, म्हणजे स्पेंटवॉश, प्रेसमडवर शिंपडून काही ठिकाणी कंपोस्ट करतात. त्यात पालाश भरपूर असतो, तसेच क्षारही असतात. कालव्याच्या व नदीकाठच्या भारी जमिनी, जेथे निचरा कमी आणि चोपण होण्याचा धोका जास्त, तेथे असे खत क्षारता मोजल्याशिवाय वापरू नये. घेवडा, गाजर आणि कांदा ही पिके क्षाराला फार नाजूक असतात. टोमॅटो मध्यम, तर बीट बरेच सहन करते. कच्चा स्पेंटवॉश शेतात, नाल्यात वा विहिरीजवळ सोडणे तर सर्वस्वी वर्ज्य आहे. पाण्यातील प्राणवायू शोषून घेण्याची त्याची क्षमता घरगुती सांडपाण्याच्या शेकडो पट असते.

गुऱ्हाळाची राख पालाशसाठी चांगली; पण ज्या चुलाणात टायर किंवा प्लास्टिक जाळले जाते तेथील राख भाजीला घालू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे : आपला परिसर सणसवाडी-रांजणगावच्या औद्योगिक पट्ट्याला लागून आहे. कारखान्यातून निघाला म्हणून प्रत्येक गाळ खत होत नाही. ऊस, फळे, धान्य, दूध यांवर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांचे अवशेष वेगळे आणि रंग, धातू, रसायने यांचा गाळ वेगळा. शिसे, कॅडमियम, क्रोमियम हे धातू कुजत नाहीत. ते भाजीतून ताटात येतात. फुकट मिळतो म्हणून अज्ञात गाळ रानात उतरवून घेऊ नये.

टाकाऊ कोण ठरवते?

आता आरंभी राखून ठेवलेल्या मुद्द्याकडे येऊ. काही पालक आम्हाला विचारतात, 'बाबासाहेबांनी आपल्याला घाणीच्या कामातून बाहेर काढले, आणि तुम्ही मुलांना पुन्हा शेण-कचऱ्यात हात घालायला शिकवता?' हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. मेलेली गुरे ओढणे, गावाचा उकिरडा उचलणे ही कामे आपल्या पूर्वजांवर जन्माने लादली गेली. त्या कामाचा मोबदला अपमानात मिळाला आणि तयार झालेले खत दुसऱ्याच्या शेतात गेले. १९२७ साली महाड येथे बाबासाहेबांनी मृत मांसाचा व अशा हीन प्रथांचा त्याग करण्याचे आवाहन केले, ते याच गुलामीविरुद्ध होते. वतनाच्या बेडीविरुद्धही ते लढले.

परंतु लादलेले काम आणि जाणून केलेले काम यांत भेद आहे. खत ज्याने केले त्याच्याच शेतात जात असेल, त्यामागचे विज्ञान त्याला ठाऊक असेल आणि ते करण्याची वा न करण्याची मुभा त्याला असेल, तर त्यात अप्रतिष्ठा नाही. म्हणूनच आमचा आग्रह आहे की ढीग पलटण्याचे काम केवळ मजूर स्त्रियांच्या माथी मारू नये. हातमोजे, गमबूट, तोंडाला फडके, योग्य मजुरी आणि मालकाचाही त्यात हात, एवढे असल्याशिवाय कंपोस्टचे कौतुक पोकळ ठरेल.

१९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. धारणक्षेत्र किफायतशीर आहे की नाही हे केवळ क्षेत्रफळावर ठरत नाही. त्यावर लावलेले भांडवल, श्रम आणि साधने यांच्या प्रमाणावर ठरते, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. अर्ध्या एकराच्या धन्याने हे विशेष लक्षात घ्यावे. जमीन वाढविणे त्याच्या हाती नाही. जमिनीची कस वाढविणे काही अंशी आहे.

बौद्ध परंपरेतही टाकाऊचा विचार आहे. विनयपिटकात आनंद आणि राजा उदेन यांचा संवाद येतो. इतक्या चीवरांचे भिक्षू करतात काय, असे राजा विचारतो. जुन्या चीवरांची पांघरुणे होतात, ती विरली की गाद्यांच्या खोळी, मग बसकरे, मग पायपुसणी आणि शेवटी चिंध्या मातीत कालवून जमीन सारवली जाते, असे उत्तर त्याला मिळते. थेरगाथेतील सुनीत थेर हे संघात येण्यापूर्वी निर्माल्याची फुले उचलण्याचे काम करीत. वस्तू असो वा माणूस, कोणालाही निरुपयोगी ठरवून फेकू नये, ही त्यातील शिकवण आहे.

माजी विद्यार्थी व पालकांना विनंती

ताज्या प्रेसमडमध्ये सुमारे ७० टक्के पाणी असते. म्हणजे १० टनांच्या गाडीतून ७ टन पाण्याचे भाडे आपण भरतो. एकट्या लहान शेतकऱ्याला ते परवडत नाही; पाच-सात जणांनी मिळून मागविले आणि एकत्र कुजविले तर परवडते. २०१८ च्या 'सतत' योजनेनंतर प्रेसमडपासून बायोगॅस तयार करण्याचे प्रकल्प वाढत आहेत, त्यामुळे त्याची मागणीही वाढत आहे. गॅस काढल्यावर उरणारा गाळ खत म्हणून उपयोगी असतो; तो लहान शेतकऱ्याला आणि ऊस नसलेल्या भाजी-उत्पादकालाही मिळावा, यासाठी गावोगावच्या माजी विद्यार्थ्यांनी ग्रामसभेत आणि कारखान्याच्या सभेत बोलावे. जे कृषी, रसायन, जीवशास्त्र शिकले आहेत त्यांनी सुटीत आपल्या वस्तीवर एक ढीग लावून दाखवावा, एका शेतकऱ्याची माती तपासून आणावी, एका घरी हळिवाची परीक्षा करून दाखवावी. शाळेने दिलेल्या विद्येची ही परतफेड आम्ही आनंदाने स्वीकारू.

जयभीम, नमो बुद्धाय.